हात बसेपर्यंतचा हिशेब

बँकेला प्रकल्प अहवाल द्यायचा ठरला की आमच्या दापोलीत पहिली शोधाशोध होते ती जुन्या बिलाची. काजूचा छोटा कारखाना असो, कोकम-आमरसाचं युनिट असो, नाहीतर हर्णै बंदरातली सहा सिलिंडरची बोट असो. मालक फडताळातल्या पिशवीतून पिवळं पडलेलं बिल काढतो आणि म्हणतो, "तेव्हा तीन लाख पडले होते. आता धरा चार." चारच का? तर महागाई. आणि मशिन आधीपेक्षा मोठं घ्यायचं असेल तर? "मग धरा आठ." कामाला माणसं किती आणि माल किती दिवसांत निघेल, या प्रश्नाचं उत्तर त्याहून सोपं असतं. "वाडीतल्या बायका आहेत ना. दोन दिवसांत हात बसतो."

असे अहवाल लिहून देण्यात माझी बरीच वर्षं गेली. कारखाना अडचणीत येतो तेव्हा कारण पुष्कळदा या दोन वाक्यांतच दडलेलं सापडतं. यंत्र बदलायला किती पैसे लागतील आणि हात बसायला किती दिवस लागतील, या दोन्हींचा अंदाज बांधायच्या रीती जुन्या आहेत, सोप्या आहेत, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर बसतात. पण त्या महाविद्यालयातल्या अभियांत्रिकीच्या पुस्तकात राहिल्या, फडताळापर्यंत आल्या नाहीत.

उदाहरणाला काजूच घेऊ. दापोलीतलं कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं. त्याच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने दिलेल्या 'वेंगुर्ला-४' आणि 'वेंगुर्ला-७' या जातींनी कोकणातल्या कातळावरच्या बागा बदलल्या. बी गोळा झाली की ती उन्हात वाळवायची, वाफेवर शिजवायची, गार होऊ द्यायची, मग पायाने दाबायच्या आणि हाताने फिरवायच्या कटरवर एकेक बी फोडायची. गर भट्टीत किंवा ड्रायरमध्ये सुकवायचा, साल काढायची, आणि अख्खा, पाकळी, तुकडा असा निवडायचा. पाश्चात्त्य बाजारात '३२०' नावाने जो अख्खा काजू विकला जातो तो एका पौंडात साधारण ३०० ते ३२० दाणे बसतील एवढ्या आकाराचा. या साखळीत वाफेचा बॉयलर आणि ड्रायर ही यंत्राची कामं. फोडणी आणि सोलणी ही हाताची. म्हणजे आपले दोन्ही प्रश्न एकाच छपराखाली आले.

आधी बॉयलरचं बिल. समजा २०१४ साली १०० किलोंच्या घाण्याचा बॉयलर आणि कुकर मिळून ३,००,००० रुपयांना घेतला. यापुढचे आकडेही समजुतीसाठीच आहेत, कुणाच्या कारखान्याचे नव्हेत. सनदी लेखापालाला विचारलं की या यंत्राची किंमत काय, तर तो वही उघडेल. आयकराच्या हिशेबात यंत्रसामग्रीवर साधारणपणे दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा धरतात. दहा वर्षांनी तीन लाखांचे उरतात ५९ हजारांच्या आसपास. हा आकडा खोटा नाही, पण तो कर भरण्यापुरता खरा आहे. उद्या बॉयलर फुटला तर ५९ हजारांत त्याचा दरवाजाही येणार नाही. 'आज तेच यंत्र नव्याने उभं करायला किती लागतील' हा प्रश्न निराळा, आणि त्याचं उत्तर वहीत नसतं.

ते शोधायची पहिली पायरी म्हणजे निर्देशांक. केंद्र सरकार दर महिन्याला घाऊक किंमत निर्देशांक जाहीर करतं. त्यात भाजीपाला वेगळा, पोलाद वेगळं, यंत्रसामग्रीचा गट वेगळा. 'महागाई वाढली' असं आपण म्हणतो ते बहुधा डाळ-तेलाच्या भावावरून. बॉयलर डाळीचा बनत नाही. टोमॅटो दुप्पट होतो त्या महिन्यात यंत्रं जागची हललेली नसतात, आणि २०२१ साली पोलाद भडकलं तेव्हा पत्र्याच्या दुकानात भाव विचारायची भीती वाटत होती. म्हणून आपल्या वस्तूच्या गटाचाच आकडा घ्यायचा. समजा खरेदीच्या वेळी तो १०८ होता आणि आज १३० आहे. तीन लाखांना १३० ने गुणा, १०८ ने भागा. ३,६१,००० रुपये. मालकाचे 'चार' त्या मानाने ठीक होते.

आता दुसरी पायरी, आणि इथे गंमत आहे. मालकाला नवा बॉयलर १०० नव्हे, २५० किलोंचा हवाय. अडीचपट मोठा म्हणजे अडीचपट किंमत, म्हणजे नऊ लाख? स्वयंपाकघरात जाऊन एक पातेलं बघा. त्याच घडणीचं, पण उंची-रुंदी सगळं दुप्पट असलेलं पातेलं घेतलं तर त्यात आठपट आमटी मावते, पण पत्रा लागतो चौपटच. कारण आमटी आतल्या पोकळीत असते आणि पैसे आपण बाहेरच्या पत्र्याचे मोजतो. लग्नाच्या स्वयंपाकाला आचारी दहा छोटी पातेली न आणता एक टोप का आणतो, त्याचं हे गणित. टाक्या, बॉयलर, भट्ट्या, ड्रायर, अशा पोकळी असलेल्या सगळ्या साधनांना ते थोडंफार लागू होतं. शिवाय नळ, वाफेचं घड्याळ, झडप, वेल्डरची मजुरी या गोष्टी आकाराबरोबर फारशा वाढत नाहीत.

रॉजर विल्यम्स नावाच्या अभियंत्याने १९४७ साली रसायन उद्योगातल्या साधनांच्या किमती ताडून यातून एक ठोकताळा मांडला. आकारांचं गुणोत्तर घ्यायचं, त्याचा ०.६ घात काढायचा आणि त्याने जुन्या किमतीला गुणायचं. अभियंते त्याला 'सहा-दशांशाचा नियम' म्हणतात. अडीचचा ०.६ घात १.७३ येतो. ३,६१,००० गुणिले १.७३, म्हणजे सव्वासहा लाख. नऊ नाही आणि आठही नाही.

पण हा नियम आंधळेपणाने वापरला तर दगा देतो. बी फोडायची हातमशिनं दहा घेतली तर दहापटच पैसे पडतात. तिथे पोकळी वगैरे काही नाही, फार तर दुकानदार चहा पाजेल. १०० किलोंवरून थेट ५,००० किलोंवर उडी मारली तर ते साधनच वेगळ्या जातीचं होतं, त्याला वेगळे कायदे, वेगळी मंजुरी. आणि आत कसला पत्रा वापरलाय तो आकड्यात दिसत नाही. समुद्रापासून पाच-दहा किलोमीटरवर साधं लोखंड किती दिवस टिकतं हे इथल्या प्रत्येकाला गेटाच्या बिजागरीवरून माहीत आहे. स्टेनलेसमध्येही ३०४ आणि ३१६ असे प्रकार येतात. खाऱ्या हवेला ३१६ जास्त दाद देत नाही, आणि महागही तोच असतो. जुनं बिल साध्या लोखंडाचं आणि नवं यंत्र स्टेनलेसचं असेल तर निर्देशांक आणि घात दोन्ही बरोबर असूनही उत्तर चुकेल.

वर गावचे खर्च. कोल्हापूर-पुण्याहून येणारा टेम्पो घाट उतरून येतो, मुंबईहून येणारा खेडच्या भरणे नाक्याला महामार्ग सोडून आत वळतो. भाडं लागतं, उतरवायला माणसं लागतात. पाया घालायचा, चिमणी उभारायची, पाण्याची टाकी उंचावर न्यायची, थ्री-फेजचा अर्ज करायचा. हे सगळं सव्वासहा लाखांत नाही. ते मिळवलं की हिशेब बऱ्याचदा मालकाच्या 'आठ'च्या आसपास जाऊन बसतो. मालक विजयी मुद्रेने माझ्याकडे बघतो. त्याचं उत्तर जुळलं, रीत जुळली नाही; आणि पुढच्या वेळी कटर घेताना तो हाच गुणाकार करून तोंडघशी पडेल.

शेवटी कोटेशन मागवायचंच असेल तर हा उद्योग कशाला, असा प्रश्न येतो. कोटेशन समोर आल्यावर ते खरं की फुगवलेलं, हे कळायला आधीचा अंदाज लागतो. साडेसहा लाखांचं कोटेशन आलं तर बोलणी करायची. अकरा लाखांचं आलं तर विचारायचं की यात आणखी काय आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे. अनुदान मिळणार म्हटल्यावर कोटेशनांना सूज येते, हे विक्रेते सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

याच आकड्याची दुसरी गरज दापोलीला ३ जून २०२० रोजी कळली. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, आणि दापोली-मंडणगडची किनारपट्टी त्याच्या तडाख्यात सापडली. पत्रे गेले, भिंती पडल्या, यंत्रांवर छप्पर कोसळलं. ज्यांनी विमा काढला होता त्यांच्यासाठी खरा प्रश्न होता की किती रकमेचा. बरेच जण हप्ता वाचवायला वहीतली घसारा वजा किंमत लिहून देतात. विम्यात सरासरीचं कलम असतं. वस्तू चार लाखांची आणि विमा दोन लाखांचा असेल, तर एक लाखाचं नुकसान झाल्यावर हातात पन्नास हजारच पडतात, कारण कंपनीच्या लेखी उरलेल्या अर्ध्या वस्तूचा विमा तुम्ही स्वतःकडेच ठेवला होता. नव्याने उभारण्याच्या किमतीवर विमा काढता येतो. त्यासाठी ती किंमत दरवर्षी काढावी लागते, आणि दहा मिनिटं कॅल्क्युलेटरवर घालवावी लागतात.

आणि त्या वादळाने या हिशेबाची हद्दही दाखवली. मुरुड, कर्दे, आंजर्ले, केळशीकडच्या वाड्यांत नारळी-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. पोफळ बदलायचा खर्च किती? रोपाची किंमत म्हणाल तर चहा-भज्यांएवढी. पण पोफळ धरायला पाच-सहा वर्षं, बाणवली माडाला त्याहून थोडी जास्त. इथे बदली खर्चात रोपाचा वाटा नगण्य, सगळा खर्च वेळेचा. झाडाच्या बाबतीत हे आपल्याला चटकन पटतं. माणसाच्या हाताच्या बाबतीत मात्र पटत नाही.

तर आता फोडणीच्या शेडमध्ये येऊ.

'हात बसणे' हा आपला शब्द फार नेमका आहे. पोळपाटावर पहिल्यांदा भाकरी थापणारी मुलगी आणि तिची आजी यांच्यात फरक माहितीचा नसतो, हात बसलेला असण्याचा असतो. पण हात बसतो म्हणजे नेमका किती बसतो, आणि कोणत्या चालीने, हे मोजायचं सुचलं ते एका विमान कारखान्यात. थिओडोर राइट हा अमेरिकेतला अभियंता. विमान उडवणाऱ्या राइट बंधूंशी त्याचं नातं नाही. आमच्या विद्यापीठात वनस्पती-प्रजनन शिकणाऱ्यांना ज्या सिवॉल राइटचं नाव अनुवंशशास्त्रात भेटतं, त्याचा मात्र हा सख्खा भाऊ. एकच विमान पुन्हा पुन्हा बनवताना लागणारे मजुरीचे तास त्याने अनेक वर्षं टिपून ठेवले आणि १९३६ साली निष्कर्ष छापला. बनवलेल्या विमानांची एकूण संख्या जेव्हा जेव्हा दुप्पट होते, तेव्हा तेव्हा एका विमानामागचे तास ठरावीक प्रमाणात उतरतात. त्याच्या विमानांत ते आधीच्या ८० टक्क्यांवर येत.

यातला 'दुप्पट' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाणं ही एक दुप्पट. दुसऱ्यावरून चौथ्यावर, चौथ्यावरून आठव्यावर, ही पुढची. बत्तिसाव्यावरून चौसष्टाव्यावर जाणं हीसुद्धा एकच दुप्पट, पण तिला बत्तीस विमानं लागतात. म्हणून सुरुवातीला प्रगती डोळ्यांना दिसते आणि नंतर वाटतं की आता काही सुधारणा नाही. असते, पण ती गाठायला वाट लांब असते.

आपल्या शेडमध्ये दहा किलो बीची एक खेप धरू. नवीन बाईला पहिली खेप फोडायला आठ तास, म्हणजे अख्खा दिवस लागला. दुपटीचं प्रमाण ८५ टक्के मानू. दुसरी खेप ६ तास ४८ मिनिटांत होईल. चौथी ५ तास ४७ मिनिटांत, आठवी ४ तास ५५ मिनिटांत, सोळावी ४ तास ११ मिनिटांत, बत्तिसावी ३ तास ३३ मिनिटांत, आणि चौसष्टावी साधारण तीन तासांत. गावठी बी सरासरी पाच ग्रॅमची धरली तर दहा किलोंत २,००० बिया. पहिल्या दिवशी एका बीला चौदा सेकंद लागत होते, चौसष्टाव्या खेपेला साडेपाच.

"दोन दिवसांत हात बसतो" म्हणणारा मालक अहवालात तीन तास लिहायला लावतो, कारण त्याने जुन्या बायकांचा वेग पाहिलेला असतो. चौसष्ट खेपांना त्याच्या हिशेबाने १९२ तास. वरच्या चालीने सगळ्या खेपा मिळवल्या तर होतात २४७. एका बाईमागे ५५ तास, म्हणजे जवळजवळ सात दिवस कमी धरले. नव्या बारा जणी असतील तर ६६० तास. उलट, धास्तावलेला माणूस पहिल्याच दिवसाचा वेग कायमचा धरून ५१२ तास लिहितो आणि बँकेचा अधिकारी प्रकल्प परवडत नाही म्हणून कागद बाजूला ठेवतो. दोघेही एकच खेप बघून बोलतात.

हे ८५ टक्के कुठून आणायचे? पुस्तकांत एक ढोबळ दाखला मिळतो. काम तीन-चतुर्थांश हाताचं आणि एक-चतुर्थांश यंत्राचं असेल तर ८० टक्के, निम्मं-निम्मं असेल तर ८५, तीन-चतुर्थांश यंत्राचं असेल तर ९०. कारण उघड आहे. वाफेवर बी शिजायला जेवढी मिनिटं लागतात तेवढी लागतातच, बॉयलर पंधरा वर्षांचा अनुभवी झाला म्हणून ती लवकर शिजत नाही. पण दाखल्यापेक्षा वही बरी. एका बाईच्या चौथ्या खेपेचा आणि आठव्या खेपेचा वेळ लिहून ठेवा. चौथीला सहा तास आणि आठवीला पाच तास सहा मिनिटं लागली असतील तर भागाकार येतो ०.८५. तेच तुमच्या शेडचं प्रमाण.

लिहिताना एक फसगत सांभाळायची. वेंगुर्ला-७ ची बी सरासरी दहा ग्रॅमची, म्हणजे किलोत शंभर. वेंगुर्ला-४ ची ७.७ ग्रॅमची, किलोत १३०. पाच ग्रॅमच्या गावठीच्या किलोत दोनशे. पाय बीमागे एकदा दाबायचा असतो, किलोमागे नाही. आज गावठीचं पोतं आणि उद्या वेंगुर्ला-७ चं पोतं उघडलं तर बाई एका रात्रीत दुपटीने शहाणी झाल्यासारखी वहीत दिसेल, आणि परवा पुन्हा गावठी आली की मालक ओरडेल. किलोवर मजुरी देणाऱ्या शेडमध्ये मोठ्या बीचं पोतं कुणाच्या पुढ्यात पडतं यावरून भांडणं होतात, ती उगाच होत नाहीत.

मजुरीचा विषय निघालाच आहे. समजा फोडणीचा दर किलोला १५ रुपये आहे. हात बसलेली बाई आठ तासांत २६-२७ किलो फोडते, चारशे रुपये नेते. नवीन बाई पहिल्या दिवशी दहा किलो फोडते आणि दीडशे नेते. टरफलातल्या तेलाने बोटं काळी पडलेली, कातडी सोललेली. मालकाच्या मते त्याचं काहीच गेलं नाही, तो किलोवर पैसे देतो. शिकण्याचा खर्च त्याने न सांगता तिच्या पदरात टाकलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती येत नाही, कारण आंब्याच्या बागेत रोज बांधलेला मिळतो. तिच्या जागी दुसरी येते, आणि तिची पहिली खेप पुन्हा आठ तासांची. असं चार वेळा झालं की मालक म्हणतो, माणसं मिळत नाहीत. पहिले दहा-बारा दिवस रोजावर ठेवून मग किलोवर न्यायचं, ही युक्ती ज्यांनी केली त्यांना काही हजार रुपये जास्त पडले. त्या आकड्याला 'यंत्रसामग्री'च्या रकान्यात जागा नसते, म्हणून तो खर्च वाटतो आणि बॉयलर गुंतवणूक.

वेगाबरोबर आणखी एक गोष्ट शिकली जाते, ती म्हणजे दाणा अख्खा काढणं. अख्ख्याचा आणि तुकड्याचा भाव यात मोठं अंतर असतं. नुसत्या वेगाच्या मागे लागलेली शेड लवकर फोडते आणि तुकडे विकते. त्यामुळे वहीत वेळेशेजारी अख्ख्याचं प्रमाणही लिहावं लागतं.

शिकण्याच्या या चालीचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातल्या लिबर्टी जहाजांचं आहे. अमेरिकेने एकाच नकाशाची २,७१० मालवाहू जहाजं बांधली. पहिल्या जहाजांना २३० दिवसांच्या आसपास लागले, पुढे सरासरी ४२ दिवसांवर आली. नोव्हेंबर १९४२ मध्ये 'रॉबर्ट ई. पियरी' हे जहाज तर चार दिवस साडेपंधरा तासांत पाण्यात सोडलं. तो निम्मा देखावा होता, भाग आधीच जोडून ठेवलेले होते. नंतर अभ्यासकांनी कागदपत्रं पुन्हा तपासली तेव्हा दिसलं की वेग वाढला त्यात गोद्यांमध्ये नव्याने ओतलेल्या यंत्रांचा मोठा वाटा होता, आणि घाईच्या जोडणीने काही जहाजांना तडेही गेले. म्हणजे हाताच्या नावावर यंत्राचं श्रेय लागलं होतं. उलट दाखला स्वीडनमधल्या होर्नडाल इथल्या लोखंडाच्या कारखान्याचा. तिथे पंधरा वर्षं नवी गुंतवणूक झाली नाही, तरी माणसामागचं उत्पादन वर्षाला सुमारे २ टक्क्यांनी वाढत राहिलं. पंधरा वर्षांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढ, तीही जुन्याच यंत्रांवर.

या दोन दाखल्यांमधून मला अहवालात कधीच न दिसलेली एक ओळ सुचते. यंत्र बदललं की हातही पुन्हा पहिल्या खेपेपासून सुरू होतो. जुन्या कटरचं पातं किती दाबलं की बी फुटते आणि दाणा वाचतो, हे पायाला पाठ झालेलं असतं. नव्या कटरचा दांडा दोन बोटं उंच असला तरी ते पाठांतर अर्धं पुसलं जातं. नवं यंत्र कितीही चांगलं असो, पहिले काही आठवडे त्यावर जुन्यापेक्षा कमीच माल निघतो. तो न निघालेला माल हा बदली खर्चच आहे. मी आता तो वेगळ्या ओळीत लिहितो. बँकेतले साहेब ती ओळ वाचतात, हसतात आणि तशीच ठेवतात. स्वयंचलित कटर घेतला तर शिकण्याची चाल जवळजवळ सपाट होते हे खरं, पण त्याला एका मापाची बी लागते. आमच्याकडे पोत्यात तीन बागांची आणि परड्यातल्या दोन गावठी झाडांची बी एकत्र येते. मग आधी चाळणी घ्या, तिला माणूस ठेवा, आणि त्याचा हात बसायची वाट बघा.

आता पाऊस. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, इंजिनं उघडलेली, सगळी जुनी बिलं याच दिवसांत बाहेर येतात. आणि शेडमधल्या बायका लावणीला गेलेल्या. दोन-तीन महिने कटरवर कुणी बसत नाही. यंत्राला गंज चढू नये म्हणून मालक जाताना तेल लावून गोणपाट टाकतो. हातालाही गंज चढतो, त्यावर टाकायला गोणपाट नाही.

अशा खंडाची किंमत काढायची रीत जॉर्ज अँडरलोर या अमेरिकन अभियंत्याने १९६९ साली मांडली. त्याने शिकलेलं पाच जागी वाटलेलं असतं असं धरलं: कामगाराच्या हातात, मुकादमाच्या डोक्यात, कामाच्या सलगपणात, पद्धतींत आणि हत्यारांत. खंड पडला की प्रत्येक जागेचं किती गळलं ते ताडायचं, आणि त्यावरून कामगार चालीत मागे कितव्या खेपेवर जाऊन पडला ते काढायचं. आपल्या बाईने चौसष्ट खेपांत आठ तासांवरून तीनवर येऊन पाच तास कमावले. समजा पावसाळ्यात त्यातला तिसरा हिस्सा गेला. फार वाटत नाही. परत आल्यावर तिला एका खेपेला पावणेपाच तासांच्या आत-बाहेर लागतील. पण हा वेग चालीत कुठे बसतो ते पाहा: दहाव्या खेपेवर. चौसष्ट खेपांच्या सरावातल्या चौपन्न पुसल्या गेल्या. सुरुवातीची घसरण तीव्र असते, म्हणून थोडं विसरणं फार मागे नेतं.

यापुढच्या चौसष्ट खेपांना, खंड नसता तर तिला १७६ तास लागले असते. दहाव्यापासून पुन्हा सुरुवात केली तर २२२ लागतात. विसरलेलं परत शिकताना माणूस पहिल्यापेक्षा जलद शिकतो, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी धरू. तरी एकीमागे चाळीस तास म्हणजे पाच दिवस, बारा जणींचे साठ दिवस. आणि हे दिवस नेमके लावणी उरकते आणि गणपती तोंडावर येतात तेव्हाचे, जेव्हा मुंबईचा व्यापारी फोनवर विचारत असतो की दिवाळीचा माल कधी देणार.

गेल्या श्रावणात एका शेडमध्ये असाच फोन चालू होता. मालकाने फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी वहीच्या शेवटच्या पानावर दोन आकडे लिहिले, तीन आणि पावणेपाच, आणि दुसऱ्याभोवती गोल केला. त्याने बराच वेळ त्या गोलाकडे पाहिलं आणि व्यापाऱ्याला सांगितलं, "दसऱ्यानंतर आठवड्याने पाठवतो." बाहेर पहिल्या तीन बायका चिखलाचे पाय धुऊन पायरीवर बसल्या होत्या, आणि त्यातली एक विचारत होती की पहिले आठ दिवस रोज बांधून मिळणार का.